पाखरांना बोलावलं कुणी

सर, तुमची कविता एका भिंतीवर रंगवायची म्हणताहेत आणि त्यासाठी माझा होकार हवा आहे. खरं म्हणजे होकार काकूंचा हवा, पण काकूंनी त्या लोकांना सांगून टाकलं, "मला त्यातलं काय कळतंय? ती म्हणंल तसं करा." ती म्हणजे मी. तुमच्या बायकोनं ऐंशी ओलांडल्यावर हे लोढणं माझ्या गळ्यात का अडकवलं, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. उगाच अडकवलेलं नाही, एवढं नक्की. तुम्ही हसाल. 'हिला सगळ्यात काहीतरी दिसतं,' असं तुम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचात, ते तेव्हाच माझ्या कानावर आलं होतं. दिसतंच, सर. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली तर मी जुडी सोडून आत बघते. वर्गातलं एखादं पोर अचानक पाया पडलं तर आधी त्याची हजेरी आठवते. आणि कवितेत झाड, पाऊस, पाखरू, उगवता सूर्य असं काही आलं की मला वाटतं, याच्या आडोशाला कोणीतरी उभं आहे आणि त्याला माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं आहे. तुम्ही शिकवलेलं मराठी मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. हा संशय तेवढा तुम्ही शिकवलेला नाही, तो मी गावाकडून येतानाच आणला होता.

भिंत कुठली, ते सांगते. विजापूर रस्त्यानं मंद्रूपकडं जाताना दोन्ही अंगांना शाळूची रानं होती, तुम्हाला आठवत असतील. आता तिथं प्लॉट पडलेत. त्यातल्या एका वसाहतीला लांबच लांब कुंपणाची भिंत घातली आहे आणि त्या भिंतीवर तुमची पाखरांची कविता यायची आहे, भोवती रंगवलेल्या चिमण्या, मागं उगवता सूर्य. बिल्डरचा माणूस शाळेत येऊन मोबाईलवर चित्र दाखवून गेला. चांगला अदबीचा मुलगा होता, हेच मला आधी खटकलं. "मॅडम, आमची नेचर थीम आहे. सरांची कविता एकदम फिट बसतीय बघा. समाजाला आशा देणारी आहे की." मी विचारलं, तुम्ही ती पूर्ण वाचली आहे का? तो म्हणाला, "पहिल्या दोन ओळी घेणार आहोत." मग मी रिक्षा करून ती जागा बघायला गेले. फाटकाशी वॉचमननं अडवलं. "कुणाकडं जायचंय म्हणायचं?" कुणाकडंच नाही, भिंत बघायची आहे, असं म्हटल्यावर त्यानं मला वरखाली न्याहाळलं. "मग हितनंच बघा की, म्याडम. आत न्हाय सोडता येत." फाटकाच्या डाव्या हाताला पाटी होती: परवानगीशिवाय आत येऊ नये, फेरीवाल्यांना सक्त मनाई. उजव्या हाताला भिंतीचा गुळगुळीत गिलावा केलेला भाग होता. तिथं तुमच्या ओळी यायच्या होत्या:

या पाखरांनो, या रानात,
अजून कणसात दूध आहे.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून एकदा पाटी वाचली, एकदा तो कोरा गिलावा वाचला. मला हसू आलं आणि पाठोपाठ तुमचा राग आला. राग जुनाच आहे.

मी अकरावीला सोलापुरात आले तेव्हा वसतिगृहाची मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची. शनिवारी दुपारी एसटीनं मंद्रूपला जायचं, रविवारी दिवस कलायच्या आत परत यायचं आणि आल्यावर उपाशी झोपायचं, असं माझं चाललं होतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, ते मला कधी कळलं नाही. एका रविवारी तुम्ही वसतिगृहाच्या दाराशी सायकल घेऊन उभे. "चल, काकूंनी जास्तीच्या भाकरी केल्यात." तेव्हापासून दर रविवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून जेवले. कडक भाकरीची चळत, शेंगाची चटणी, वर तेलाची धार. काकू वाढताहेत, तुम्ही उंबऱ्यात पाट टाकून बसला आहात आणि मला गावाकडचं विचारता आहात. बैलांचं विचारता, विहिरीचं विचारता, मोटेची कुठली कुठली नावं विचारता. मी घास गिळता गिळता सांगते आहे आणि मनात म्हणते आहे, हे लोक मला का जेवायला घालतात? माझ्या आप्पांनी वर्षाला एक पोतं ज्वारी तुमच्याकडं पोचवायला सुरुवात केली तेव्हा मला जरा बरं वाटलं. त्यामागचं कारण तरी मला समजत होतं. पण तुमचे प्रश्न काही थांबेनात, आणि हळूहळू मी धरून चालले की तुम्हाला माझ्याकडून शब्द पाहिजेत. कवी माणूस, शहरातला. रान बघितलेलं नाही, म्हणून रानातली पोरगी जेवायला बसवली आहे.

पौषातला एक रविवार होता. मी काकूंना म्हटलं, पुढचे दोन-तीन रविवार मी यायची नाही, राखणीला थांबावं लागेल. तुम्ही विचारलंत, आत्ताच का? मी सांगितलं, आत्ता कणसात दूध भरलंय, दाणा कोवळा आहे, पाखरांचे थवे आत्ताच पडतात. पहाटेपासून रानातल्या उंच माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, ओरडून घसा बसवायचा. आता आठ दिवस जर ढिलाई केली तर रास निम्मी होते. तुम्ही 'कणसात दूध' हे दोन शब्द दोनदा पुटपुटलात, ते मी बघितलं. पंधरवड्यानं कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तुम्ही नवी कविता म्हटलीत. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. माझी कानशिलं तापली. मी धोक्याची वेळ सांगितली होती आणि तुम्ही तिचं आमंत्रण केलं होतं. आप्पा त्या दिवशी बाजाराला म्हणून सोलापुरात आले होते, ते मांडवाच्या कडेला उभे राहून ऐकत होते. कविता संपल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्ये कुणाच्या रानात बोलावल्यात पाखरं? आमच्या तर न्हवं?"

पुढच्याच आठवड्यात तुम्ही ती कविता वर्गात घेतलीत. रान म्हणजे समाज, पाखरं म्हणजे ज्यांना कुठंच थारा नाही अशी माणसं, आणि दूध म्हणजे उद्याची आशा. फळ्यावर तीन बाण काढलेत. मी उभी राहिले. म्हटलं, सर, पाखरं जोंधळा खातात. वर्ग हसला. मी बसले नाही. म्हटलं, ज्याचं रान आहे त्याला विचारलं का, या म्हणायच्या आधी? तुम्ही खडू खाली ठेवलात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो, रागावलेला नव्हे, कुणीतरी अंगावर पाणी टाकल्यासारखा. मग म्हणालात, "खाली बस. कवितेतल्या पाखरांना दगड मारायचा नसतो." त्या दिवशी मी ठरवलं की तुमच्या घरी पाऊल टाकायचं नाही. रविवारी भूक लागल्यावर आलेच. काकूंनी ताट केलं. तुम्ही त्या दिवशी उंबऱ्यात बसला नाहीत आणि मी मनात म्हटलं, बघा, शब्द मिळेनासे झाल्यावर माणूस कसा बाजूला होतो.

त्यानंतरच्या एका रविवारी ताटात हुरडा होता. मी पहिला बकाणा तोंडात टाकला आणि थांबले. आमच्या रानातल्या हुरड्याला एक गोडसर चव असते, विहिरीच्या पाण्याची असेल किंवा माझ्या जिभेची असेल. मी विचारलं, हा कुठून आणला? तुम्ही आतल्या खोलीतून म्हणालात, "नवी पेठेतून." नवी पेठेत कापड मिळतं, सोनं मिळतं, हुरडा कोण विकतं? मी काकूंकडं बघितलं तर त्या तव्याकडं बघत होत्या. काहीतरी आहे हे मला तेव्हाच कळलं, पण काय आहे ते कळलं नाही, आणि न कळलेलं मी कायम तुमच्याविरुद्धच धरत आले.

तुम्ही गेलात त्या वर्षी मी नुकती नोकरीला लागले होते. पुढं इतकी वर्षं मी तुमची कविता शिकवली, कारण जिल्ह्यातल्या शाळांना ती पाहिजे असते. प्रत्येक संमेलनात कुणीतरी गोड गळ्याची मुलगी ती म्हणते. मुलांनी उत्तर पाठ केलेलं असतं: रान म्हणजे समाज, पाखरं म्हणजे वंचित, दूध म्हणजे आशा. मी पूर्ण गुण देते आणि मनातून एकही देत नाही. मला वाटायचं, हा माणूस उभ्या आयुष्यात एकदाही माळ्यावर चढला नाही. ज्याच्या हातात गोफण नाही त्याला पाखरांविषयी उदार व्हायला काय लागतं? निसर्गाची कविता लिहिणाऱ्या सगळ्यांवर माझा हाच आक्षेप होता, आणि त्या सगळ्यांच्या रांगेत पहिले तुम्ही होता. आणि तरी तुमच्यावर माझा जीव होता, सर. ते मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही त्याचीही कविता केली असती, असा मला संशय होता.

परवाच्या रविवारी मी नकार सांगायलाच काकूंकडं गेले. तेच स्वयंपाकघर, फक्त चूल गेली आणि गॅस आला. काकूंना आता उभं राहवत नाही, त्या पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. मी त्यांना फाटकावरची पाटी सांगितली. म्हटलं, काकू, आत कुणाला येऊ द्यायचं नाही आणि बाहेर 'या पाखरांनो' लिहायचं. हे लोक सरांचं नाव वापरताहेत. शिवाय खरं बोलू का, मूळ कवितेतच खोट आहे. सरांनी रान कधी बघितलं होतं? काकूंनी शेंग फोडायची थांबवली.

"बघितलं नाही म्हणतीस? तुमच्याच रानात गेलो होतो की. मी पण होते."

मी वर्गात बोलले त्याच्या पुढच्या आठवड्यात, काकू म्हणाल्या, तुम्ही रजा टाकलीत आणि पहिल्या एसटीनं दोघं मंद्रूपला गेलात. आप्पांना म्हणालात, मला राखण करायची आहे. आप्पांना आधी वाटलं, पोरीनं कॉलेजात काहीतरी करून ठेवलंय. मग त्यांनी तुम्हाला माळ्यावर चढवलं आणि हातात गोफण दिली. "पहिला दगड म्हागं गेला," काकू सांगताना हसू दाबत होत्या, "बैल बांधला होता तिकडं. तुझे आप्पा म्हणाले, मास्तर, पाखरं फुडं हायत." दुपारपर्यंत तुमचा खांदा भरून आला. तुमचा आवाज असा बसला की दोन दिवस वर्गात फळ्यावर लिहूनच शिकवलंत. ते मला आठवलं, सर. तेव्हा आम्ही म्हणायचो, सरांना सर्दी झाली.

मग काकूंनी जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "ऊन चढलं तसं हे आप्पांना म्हणाले, ही तीच पाखरं आहेत हो. तुम्ही ओरडलात की शेजारच्या रानात जातात, शेजारी ओरडला की परत तुमच्याकडं येतात. सकाळपासून सगळं गाव तेच थवे एकमेकांकडं ढकलतंय. आप्पांनी मान वर करून थवा बघितला. म्हणाले, व्हय की. ह्ये कधी ध्यानातच आलं न्हाय. मग म्हणाले, पण करायचं काय मास्तर? त्यास्नी पोट हाय, आमालाबी पोट हाय." काकूंनी पुढची शेंग उचलली. "आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात पाखरं निवांत बसली होती, ती ह्यांनी बघितली. विचारलं, तिकडं का बसतात? आप्पा म्हणाले, दरसाल तितंच बसत्यात, पाणी जवळ हाय म्हून आसंल. मग तुझ्या आईनं हुरडा भाजून दिला, तोच तू खाल्लास."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? "तुझ्या आप्पांनीच सांगू नका म्हटलं. म्हणाले, पोरगी लई संशयी हाय, म्हणंल माझी चौकशी कराय आल्ते." मला एवढा राग आला आणि एवढं भरून आलं की दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना. मी एक शेंग उचलून फोडली. म्हटलं, आणि कविता? रान बघून आल्यावरही बदलली नाहीच ना? काकू म्हणाल्या, "तेच मी एसटीत विचारलं. सोलापूर येईपर्यंत खिडकीतनं रानंच बघत होते. उतरताना म्हणाले, बदलायची नाही. पण हितनं पुढं जरा हळू म्हणीन."

पुढच्या संमेलनात तुम्ही ती खरंच हळू म्हटली होतीत. मागच्या रांगांना ऐकू येत नव्हतं, पोरं 'आवाज, आवाज' म्हणून ओरडत होती. मी पुढं बसले होते. मला वाटलं, माझ्या प्रश्नानं सर खचले, आता त्यांचा स्वतःच्या शब्दांवर विश्वास राहिला नाही. थोडा आनंदही झाला होता. आज वाटतं, विश्वास नसलेला माणूस उलट मोठ्यानं म्हणतो. पण हेही मी लगेच मानून टाकत नाही. काकूंचं वय झालंय, तुमच्यावर त्यांची माया आहे, आणि मायेची माणसं गोष्ट सांगताना कडेनं थोडा जरीकाठ लावतातच. बैलाकडं गेलेला दगड मात्र मी खरा धरते. तो काकूंना सुचण्यासारखा नाही.

नकाराचं काय, ते राहूनच गेलं होतं. निघताना मी परत म्हटलं, काकू, पण ती पाटी? काकूंनी सोललेले दाणे सुपात पाखडले. "लावू दे की कविता. एखादा वाचून खरंच आत शिरला तर? वॉचमनची पंचाईत होईल. तो म्हणंल, कुणाकडं जायचंय? हा म्हणंल, बोलावलंय की, हे काय लिहिलंय." आणि त्या बराच वेळ हसत राहिल्या, तोंडाला पदर लावून. सर, तुमच्यापेक्षा ही कवी बरी, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी मी त्या अदबीच्या मुलाला फोन करून होकार दिला. अटी दोन घातल्या. दोन ओळी चालणार नाहीत, कविता पूर्ण घ्यायची, आणि फाटकाच्या उजव्या हाताला नको, डाव्या हाताला, त्या पाटीला अगदी खेटून. मला वाटलं होतं तो का-कू करेल. तो म्हणाला, "भारीच की मॅडम, रस्त्यावरनं जास्त लोकांना दिसंल." इतक्या पटकन कबूल झाला की मी रात्रीच्या जेवणात तेच चावत बसले, यात याचा काय फायदा असेल?

काल मी मंद्रूपला जाऊन आले. आप्पा गेल्यावर भावानं रानात ऊस लावला, गावात बहुतेकांनी लावला. उसाला राखण लागत नाही. माळा केव्हाच मोडला. पौषाचे दिवस, पण कुठून आरोळी नाही, दगडाचा सूं आवाज नाही, वर थवे नाहीत. मी बांधावर उभी राहिले आणि तुमची कविता म्हणून बघितली, हळू. भाऊ पाइप सरळ करत होता, त्यानं मान वर करून विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही. इतकी वर्षं ज्या ओळीला मी खोटी म्हणत आले ती तिथं पहिल्यांदा मला गरजेची वाटली, आणि तेव्हा बोलवायला पाखरंच नव्हती. याचं मला वाईट वाटतंय, सर. साधं, सरळ वाईट वाटतंय, त्यात मला काही शोधायचं नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, काकूंनाही वाचून दाखवणार नाही, कारण त्यांना शेवट आवडेल आणि त्या तो चारचौघांत सांगतील. विहिरीकडचा तो कोपरा. आप्पा दरसाल म्हणायचे, इकडची कणसं पोचट का निघतात, आणि पाण्याला बोल लावायचे. तुम्हीही वर चढून तिकडं बघितलंत आणि उतरून आलात. माळ्यावर मी असायची, सर. तीन बाजूंना गोफण फिरवायची, घसा फुटेस्तोवर ओरडायची. त्या चौथ्या, विहिरीकडच्या बाजूला मी कधी दगड मारला नाही. दया आली म्हणून की हात भरून यायचा म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही, आणि दया असं म्हटलं तर माझा मलाच संशय येतो. पण वर्गात उभी राहून तुम्हाला विचारत होते, ज्याचं रान आहे त्याला विचारलं का, तेव्हा हे मला माहीत होतं.